आरशातला तीळ

४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत आईचा फोटो आहे. ओलीने विटलेला तिचा एकुलता एक फोटो तुम्ही विश्वासाने माझ्या हाती दिलात, मग घरातल्या पहिल्या पदवीधराने काही करून दाखवायला नको? संगणकाला फोटो म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता. ठिपका जितका उजळ, तितका आकडा मोठा. ओलीने सगळेच आकडे फुगले होते. प्रत्येकातून सारखी संख्या वजा केली, उरलेले दीडपट केले, आणि धुक्यातून आई बाहेर आली! स्कॅन आडवा झाला होता, म्हणून ओळींचे स्तंभ केले. उभी राहिली. प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत रडले. नीट पाहून कळवा, तीच आहे ना?

तब्येतीची हेळसांड केलीत तर माझ्याशी गाठ आहे.

तुमची,
चिमणी

१३ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. बेकरीत सगळ्यांना दाखवला, पिठाचा हात मात्र कुणाला लावू दिला नाही. विद्वान बाई, आईचा तीळ डाव्या गालावर होता. तुझ्या फोटोत तो उजव्या गालावर कसा गेला?

पण दुरुस्त करू नकोस. आजारात शेवटी शेवटी तिचे हात वर जात नव्हते. रोज सकाळी आरशासमोर बसवून मीच तिची वेणी घालायचो. वाकडी झाली की आरशातूनच हसायची, म्हणायची, पाव वळणाऱ्याला वेणी काय जमणार! माझ्या डोळ्यांत ती अशीच राहिलीय, आरशातली. तुला कळवतो म्हटलं की मात्र हसू मावळायचं. पोरीची परीक्षा होऊ दे, मग बोलवा, हेच पालुपद. तुझा एक पेपर राहिला, आणि ती गेली.

जेवत जा वेळेवर.

बाबा

२१ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चूक माझीच. ओळींचे स्तंभ केले की चित्र उभं राहतं, पण आरशातल्यासारखं. स्तंभांचा क्रमही उलटवायला हवा होता. आता उलटवला, आणि दारात उभं राहून मला निरोप देणारी माझी आई दिसली. मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही तक्त्यांची बेरीज करून निम्मी केली. दोन्ही गालांवर फिकट तीळ, डोळे पुसट. ती तुमचीही नव्हती, माझीही नव्हती. पुसून टाकली.

तुमची तुमच्याकडे राहू द्या, माझी मी ठेवते. एकदा तरी तिची वेणी मला घालू द्यायची होती, बाबा. तिच्यावर रागवायचं तरी कसं? तुम्ही फक्त एवढा शब्द द्या, यापुढे तुम्हाला साधी कणकण आली तरी त्याच दिवशी कळवाल. माझ्या परीक्षा संपल्या आहेत.

लोभ आहेच, त्याने माझ्यापासून काही लपवू नये.

चिमणी