वरून टाकलेला प्रसाद

मुरबाड, फेब्रुवारी १९९९

प्रिय नम्रता,

अनेक उत्तम आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज हात वळत नाही. राग निवला की लिहीन.

दिवाळीत तू आली होतीस, तेव्हा मी तांदूळ निवडत होते आणि तू शेजारी बसून तुझ्या दहावीच्या वर्गाला शिकवायच्या इंग्रजीची तयारी करत होतीस. 'लुक डाऊन अपॉन' ऐकून मी जुनी मॅट्रिक विचारायला गेले, खाली बघणं का गं? तू हसलीस. म्हणालीस, नाही आई, एखाद्याला कमी लेखणं. आणि कुणाला, ते पुढे सांगावं लागतं. वर्गात एकाच पोरीला नीट वाक्य करता आलं, म्हणून केवढं कौतुक केलंस! किन्हवलीजवळच्या कातकरवाडीतली, मोळी विकणाऱ्या बायडीची लेक कविता. तिचं वाक्य मला अजून पाठ आहे : बाजारात लोक माझ्या आईला कमी लेखतात, पण तिची मोळी घासाघीस करून नेतातच. मला वाटलं, माझी लेक खरी मास्तरीण झाली.

मग शहापूरला तुझ्या नव्या घराची पूजा. तूच बोलावलंस म्हणून ती पोर ओच्यात बोरं घेऊन आली. सगळ्यांच्या हातावर तू वाकून प्रसाद ठेवलास. कविताची पाळी आली तसा तुझा हात वीतभर वरच थांबला. शिरा अर्धा तिच्या तळव्यावर, अर्धा ओट्यावर. तुझ्या सासूबाई बघत होत्या, कळतं मला. पण देवही समोरच मांडलेला होता ना! पोरीनं सांडलेला वेचला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मी तुला आत बोलावलं तर म्हणालीस, आई, आता नको, पाहुणे आहेत.

काल बाजारात बायडी भेटली. ती माणसं आता आमच्या इथल्या वीटभट्टीवर आलीत. म्हणाली, "पोरगी नाय जात गो शालंत. परीक्षेला बाईंकडं राहनार व्हती, आता नको म्हनते." तशीच भट्टीवर गेले. कविता चिखल तुडवत होती. मला बघूनही पाय थांबवले नाहीत. एवढंच म्हणाली, "आजी, बाईंना सांगा, अर्थ बराबर समजला."

नम्रता, तू शिकावीस म्हणून चहातली साखरसुद्धा मी मोजून घातली. ती ह्यासाठी?

पोरीला मी घरी आणलंय. स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसून जेवते. परीक्षा तोंडावर आली, केंद्र शहापूरचं, तुझ्या घरी राहिल्याशिवाय तिला पेपर देता यायचे नाहीत. आणि तुझ्या घरी ती आता अशी येणार नाही. म्हणून येत्या गुरुवारी मी सत्यनारायण घातलाय. केळी घरचीच, रवा बेताचा. तिला न्यायला ये. तोंडानं माफी मागू नकोस, शब्द तुला चांगले येतात. प्रसाद कविता वाटणार आहे. सगळ्यांसारखी रांगेत उभी राहा आणि हात पुढे कर.

अजून तरी तुझीच,
आई