कोर्टातला बेसनाचा लाडू

नोव्हाय, मिशिगन
ऑक्टोबर १९८६

प्रिय विनू,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे मराठी वाचताना तू अडखळणार नाहीस. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर आपण दुसऱ्याच वाक्याला भांडतो. मार्चपासून मी घरात नसताना तू बाबांना फोन करतेस, तेही मला ठाऊक आहे. त्यांच्या पोटात काही राहतं का? असो. आज मला भांडायचं नाही, आज मी फार खुशीत आहे. तुझ्या आईला कोर्टाने हाकलून दिलं!

हसू नकोस, नीट ऐक. सिटिझन होऊन वर्ष झालं नाही तोच, खटल्यात पंच म्हणून बसायला या, असं ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं. मी सिल्कची साडी नेसले, तर बाबा म्हणाले, लग्नाला निघालीस का? ज्यूरी निवडताना विचारलं, घरात कोणी वकील आहे का. मी म्हटलं, मुलगी आहे शिकागोला, पण सध्या आमचं बोलणं नाही. अख्खं कोर्ट हसलं गं! तरी घेतलं मला. बारा जण आणि वर दोन राखीव. खटला डॅरिल हॅरिस नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाचा, कुणाच्या तरी घरात घुसून टीव्ही चोरल्याचा. जज म्हणाले, तो निर्दोष आहे असंच धरून चालायचं, गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारी वकिलाचं, आणि बाराही जणांचं एकमत व्हायला हवं. मी मान डोलावली खरी, पण पोलीस उगाच कशाला कुणाला धरतील, असं म्हणून मनातल्या मनात त्याला शिक्षा ठोठावून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले. शेजारी एक बाई, आदल्या दिवशीही तिथेच दिसलेल्या, तशाच उपाशी. मी डबा उघडून खातेय आणि शेजारचं माणूस रिकाम्या हातानं बसलंय, माझ्याच्याने घास गिळवेना. ठेवला एक बेसनाचा लाडू त्यांच्या हातावर. त्यांनी डोळे मिटून खाल्ला, म्हणून दुसरा दिला. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई धावत आला. त्या डॅरिलच्या आई निघाल्या! ज्यूरीतल्या माणसाने आरोपीच्या घरच्यांशी बोलायचंसुद्धा नसतं, आणि मी तर पाहुणचार करत होते. जजनी आत बोलावून विचारलं, काय दिलंत? मी म्हटलं, बेसन, तूप, साखर, वेलदोडा. त्यांना हसू आवरेना. हेतू चांगला असला तरी तुम्हाला ज्यूरीत ठेवता येणार नाही, म्हणाले, आणि माझ्या जागी राखीवातला एक बसवला.

पण मी कसली घरी जाते! बाबा न्यायला येणार पाच वाजता. जाऊन बसले मागच्या बाकावर, मिसेस हॅरिसच्या शेजारी. जामिनाची सोय झाली नाही म्हणून डॅरिल चार महिने काउंटीच्या जेलमध्ये आहे, हे त्यांच्याकडून कळलं. शिक्षा म्हणून नव्हे गं, नुसती खटल्याची वाट बघत! शिक्षा झालेले प्रिझनमध्ये आणि वाट बघणारे जेलमध्ये, हा फरक मला या देशात पंधरा वर्षं राहून माहीत नव्हता. माझी नजर मात्र खिळली होती त्याच्या वकीलबाईवर. सरकारने दिलेली, तुझ्याच वयाची, बुटांच्या टाचा झिजलेल्या. डॅरिलचा जुना सुपरवायझर ओहायोला राहायला गेला होता, तिथे स्वतः ड्राइव्ह करत जाऊन तिने त्याला शोधून आणलं. चोरीच्या वेळी डॅरिल लाँड्रीत कामावर होता, असं त्याने शपथेवर सांगितलं. तोवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी मात्र पहिल्याच दिवशी शिक्षा ठोठावली होती, माझी मलाच लाज वाटली.

शुक्रवारी निकाल लागला, नॉट गिल्टी! मिसेस हॅरिसनी मला अशी मिठी मारली की निऱ्या सुटायच्या बाकी होत्या. वकीलबाई एकटीच कागद गोळा करत होती. जेवलीस का, विचारलं तर म्हणाली, सकाळपासून फक्त कॉफी. डब्यातला शेवटचा लाडू तिच्या हातावर ठेवला. शिपायाने पाहिलं, पण या वेळी धावत न येता नुसता हसला. ती उभ्या उभ्याच खात होती, परीक्षेच्या दिवसांत तू खायचीस ना, तश्शी. मला रडूच आलं.

विनू, चोरांची वकिली करायला तुला शिकवलं का, असं मी मार्चमध्ये म्हणाले होते. एवढंच नाही, महाराष्ट्र मंडळात पद्मिनीकाकूंना तू मोठ्या कंपनीची वकील आहेस म्हणून थापही मारली. काल मंडळाच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या बाजूने माझी मुलगी उभी राहते, आणि कंपनीचं मी खोटं सांगितलं होतं. काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी चुकले गं. बावीस तारखेला ज्यूरीपुढे तुझा पहिला खटला आहे, हे बाबांच्या पोटातून काढून घेतलंय. मी बसने येतेय. शेवटच्या बाकावर बसेन, कुणाशी चकार शब्द बोलणार नाही, डबा पिशवीत बंद. निकाल काहीही लागो, पहिला लाडू तुला. तू मागे वळून बघू नकोस, काम कर. आई आलीय, एवढं ध्यानात ठेव.

कोर्टातून हाकललेली,
तुझीच आई