दुपदरी टाका

ती. ताईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. डुकराच्या पायातली टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, कापायची, निरनिराळ्या टाक्यांनी शिवायची आणि यंत्रावर तुटेपर्यंत ताणायची, यालाच इथे संशोधन म्हणतात.

तुझ्या अंगठ्याचं टेंडन दुपदरी टाक्याने जोडलंय, असं भावजींनी कळवलं. छान टाका आहे. चौपदरी जास्त ताण सोसतो, पण तुला कुठे ट्रक ओढायचाय?

अंगठा सुजतो का? खरं सांग. ओले कपडे भावजींना पिळू दे. तुला पिळायला ते स्वतः आहेतच.

आज दुपदरी टाका यंत्राला लावला आणि बटण दाबायला माझा हातच होईना. शेवटी शेजारच्याने दाबलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, पण तुटल्याचा आवाज आलाच.

डॉक्टर सांगतील तेवढाच अंगठा हलव गं.

तुझा बिनकामाचा
धाकटा भाऊ