डुमसचा समुद्र आणि घरातलं बीम

३ ऑगस्ट, रविवार
कालची नोंद चुकली. 'बाबांना रूपक कळत नाही' असं लिहिलं. खरं एवढंच, की स्पीच थेरपीच्या मॅडमनी हिंदीत विचारलेलं कळलं नाही. 'तिचं मन समुद्र आहे, म्हणजे कसं?' बाबा म्हणाले, "आत काळी वाळू हाय?" मॅडमना 'मोठं' हे उत्तर हवं होतं. बाबांनी बघितलेला समुद्र एकच, आमच्या शहराजवळच्या डुमसचा. तिथे काळी वाळूच आहे.
मार्चमधल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांचे शब्द परत आले. पण मॅडमच्या अहवालात 'शब्दशःच समजतं' असं गेलं, तर पुढे नुसते वस्तू ओळखायचे धडे. हा चमचा, ही वाटी. मागांच्या अख्ख्या कारखान्याला हसवणाऱ्या माणसाला!
मॅडम मलाच स्पीच थेरपी शिकवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यांना थांबा म्हणणारी मी कोण?

५ ऑगस्ट, मंगळवार
म्हणी पाठ असतात, त्यातून रूपक कळतं का ते समजत नाही. म्हणून नवंच वाक्य केलं. "बाबा, आई म्हणजे आपल्या घरातलं बीम." मागावर ताण्याचे सगळे धागे ज्याच्यावर गुंडाळलेले असतात, ते.
बाबा म्हणाले, "कापड आपलं व्हायलंय. ती रिकामी व्हायलीय."
आई चुलीशी. "रिकामी? मग ह्या भाकरी कोण थापायलंय?" भाकरी मात्र करपली.
बीम लोखंडी, जड, गोल. त्यातलं काही घेतलं नाही. कापड विणलं जाईल तसं बीम रिकामं होतं, नेमकं तेवढंच उचललं. माझे बाबा!

६ ऑगस्ट, बुधवार
शंका. मागांच्या खडखडाटात हयात गेलेला माणूस तोंड बघून बोलणं ओळखतो. उत्तर माझ्या चेहऱ्यावरून घेतलं?
पण मला नुसता 'आधार' म्हणायचं होतं. रिकामं होणं माझ्या मनातच नव्हतं, तर चेहऱ्यावर कुठून येणार?
तरी एक वाक्य म्हणजे एकच वाक्य.

१० ऑगस्ट, रविवार
शेजारच्या मंगलमावशींना बाबांना नवी वाक्यं विचारायला लावलं. मी बाहेर.
'राग म्हणजे मागातून उडालेला धोटा.' आडवा धागा घेऊन धावतो, तो. बाबा: "कुणाला लागंल, नेम न्हाई." वर मावशींनाच, "तुमचा का तुमच्या नवऱ्याचा?"
'आठवण म्हणजे गाठ.' बाबा: "गाठ म्हंजी गाठ." नाही जमलं. हेही सांगायचं, लपवायचं नाही.
मॅडमना म्हणेन, शेरा लिहिण्याआधी मागावरची वाक्यं तुम्ही विचारा. तुम्हाला मराठी येत नाही, हिंदीत करून देते. मी खोलीत नसेन.
गुरुवारी, १४ तारखेला, मॅडमकडे बाबांचा नंबर लागायच्या आधी हे सांगेन.