मावशीच्या पाठीवरचं नवं पोर

१२ जानेवारी
डॉक्टरांनी दोनच वाटा ठेवल्या — नाकात सतत ऑक्सिजनची नळी, नाहीतर प्रिमिटिवा मावशीनं विरळ हवेचं हे एल आल्तो सोडून खाली सखल सान्ता क्रूसला रोमुलोकडे जायचं. पोटचा मुलगा झाला म्हणून काय! "डासांत मरायला जाऊ?" मावशी कडाडली, आणि तिथंच धाप लागली. ओठ निळे! भयंकर घाबरले मी. ही गेली तर मला कोण आहे? हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन शोधायचंच.

१४ जानेवारी
दुकानात सगळ्यात हलकं, देखणं मशीन उचललं. दुकानदार म्हणतो, "हे तीन हजार मीटरपर्यंतच चालतं." आम्ही राहतो चार हजारांवर! मावशी खो खो हसली — "अगंबाई, ह्यालाही उंची लागते? मग ह्यालाच पाठवा सान्ता क्रूसला!"
दुसरं चालेल, पण जड. शिवाय मांजरासारखं घोरतं. वापरून बघायला मिळालंय.

१५ जानेवारी
मशीनचा खांद्याचा पट्टा मावशीला पसंत नाही. "पर्स लटकवून मिरवणारी बाई वाटले का मी?" पेटीतून पट्ट्यापट्ट्यांचा आग्वायो निघाला, पोर पाठीशी बांधायचं कापड — आई गेल्यावर मला ह्यातच पाठीशी बांधून मावशीनं बाजारात बटाटे विकले. त्यात मशीन बांधलं, गाठ मारली, निघाली!
मिनीबसमध्ये एकीनं विचारलं, "मुलगा की मुलगी?"
"मुलगा गं. बापासारखाच घोरतो मेला."
तेवढ्यात मशीन बोंबलायला लागलं. कापडानं त्याची हवा कोंडली होती! अख्खी बस ओरडतेय, "अहो, पोराला बाहेर काढा!" लाजेनं मेले मी.

१७ जानेवारी
आग्वायोला दोन भोकं पाडली. कात्री मावशीनंच चालवली. रडू मला आलं.
सूक्रेच्या नर्सिंग कॉलेजात माझा नंबर लागलाय. मावशीला "नाही लागला" म्हणून सांगितलं. हिला अशी टाकून जाऊ?

२० जानेवारी
हेच मशीन घ्यायचं ठरलं! नवी वस्तू आली की बिअर शिंपडायचीच, म्हणून मावशी बाटली घेऊन थेट मशीनवर — मी किंचाळले. शेवटी उंबऱ्यावर शिंपडली.
रोमुलोचा फोन. "आई, ये की खाली." मावशी म्हणाली, "बघू." बघू?? एवढं सगळं करून बघू?

२४ जानेवारी
आलासितासची जत्रा. वर्षभरात जे हवं ते इवलंसं विकत घ्यायचं आणि दुपारी बाराच्या ठोक्याला धुपाच्या धुरावर धरायचं, म्हणजे ते खरं होतं. मी चिमुकलं घर घेतलं, आम्हा दोघींचं. मावशीनं घेतली सुटकेस! ऑक्सिजनजवळ विस्तव नको म्हणून मशीन बंद करून माझ्या हातात दिलं, धुरापाशी गेली, धापा टाकत परत आली.
म्हणजे रोमुलोकडे जाणार. वाटेत मी रागानं पुढे पुढे चालले. ती आपली मजेत!

२५ जानेवारी
सुटकेस माझ्या उशाशी. आत नर्सचा बोटभर पांढरा डगला.
"नंबर नाही लागला म्हणे! खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात." मावशी आग्वायोची गाठ मारत होती. "पाठीवर आता जागा नाही माझ्या. उतर, पोरी."