लाकिनच्या अंगणाची वहिवाट

मी, वाजिर बिन सामत, ज्याला बेटावर सगळे थोरल्या मुलाच्या नावावरून पाक रोस्मान, म्हणजे रोस्मानचे बाबा, म्हणतात तो, वय एकोणपन्नास, राहणार होम आयलंड, कोकोस बेटे, अल्लाहला साक्षी ठेवून ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीत अधूनमधून कळ येते, पण ती लिहिण्याच्या आड येत नाही. हा कागद मला कोणी लिहायला सांगितलेला नाही. सांगितला असता तर मी लिहिलाच नसता.

असे का, हे मुलांना कळावे म्हणून एक सकाळ नोंदवतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्हा बेटवाल्यांना मतदानाला बोलावले होते. ऑस्ट्रेलियात सामील व्हायचे, स्वतंत्र व्हायचे, की अधलेमधले काही, ते आम्ही ठरवायचे होते. त्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर मी आधी माझी होडी बुडवली. घरामागच्या शांत पाण्यात कमरेपर्यंत उतरलो, होडीत प्रवाळाचे दगड भरले आणि ती तळाला बसेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग ओल्या सारोंगानेच मत द्यायला गेलो.

बायको वाटेत म्हणाली, "रोस्मानचे बाबा, सरकार एवढ्या लांबून तुमची फुटकी होडी न्यायला आलंय होय? त्यांच्याकडे विमानं आहेत!"

मी म्हणालो, "मालकाकडे जहाज होतं. तरी आपली घरं त्याचीच होती ना?"

माझ्या खापरपणजोबांना इथे आणले तेव्हा थोडे दिवस नारळ पाडायचे आहेत असे सांगितले होते, असे आमच्या घरात सांगतात. पुढे कळले की बेटे इंग्लंडच्या राणीने मालकाला, म्हणजे नारळबागांच्या गोऱ्या घराण्याला, कायमची देऊन टाकली आहेत. लढाईच्या काळात पलटण आली ती आमच्या रक्षणाला, आणि धावपट्टीसाठी पलीकडच्या बेटावरचे माड आडवे करून गेली. नंतर साहेब येत राहिले, सगळे हसतमुख. मत कुठे दिले ते मी बायकोला सांगितले नाही, तिनेही मला नाही. होडी न्यायला कोणी आले नाही. वर काढली तेव्हा तिची एक फळी वाकली होती. तेव्हापासून ती डावीकडे कलते आणि मुले हसतात. हसोत.

आता वाटणी. माझे दफन आणि देणी भागल्यावर जे उरेल त्याच्या तीन भागांपैकी दोन भाग धर्माने ठरवून दिलेल्या वारसांचे, म्हणजे माझी बायको आणि मुलगे रोस्मान व जाकरी यांचे. त्यात मला बोलायचा अधिकार नाही आणि मी बोलत नाही. तिसऱ्या भागापुरताच माझा शब्द चालतो, तोही वारस सोडून इतरांसाठी.

घर सिमेंटचे आहे, जमीन आता गावाच्या नावे राखलेली आहे असे म्हणतात. जे म्हणतात, त्यांना रोस्मानने नीट विचारून घ्यावे. कोणी कागद घेऊन आला तर त्याला चहा द्यावा, केळ्याची भजी द्यावीत, आणि सही दुसऱ्या दिवशी करावी. दुसऱ्या दिवशी तो थांबायला तयार नसेल तर सही करूच नये.

नारळ सोलायची पहार माझ्या वडिलांची. मालकाच्या काळात तिच्यावर त्यांचे दोन्ही तळवे फाटले होते. ती जाकरीने आपल्या वाट्यात धरावी, तिच्यावर नारळ सोलावेत, भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवू नये.

पाक दारिम हा माझा चुलतभाऊ. बाहेरचे पाहुणे आले की त्यांच्याशी कोण काय बोलले ते मालकाच्या व्हरांड्यात जाऊन सांगायचा. त्याला माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला जरूर बोलवावे. बसवावे मात्र दाराजवळ, तिथून त्याला सगळे नीट ऐकू येईल.

राहिली दक्षिणेच्या टापूवरची झोपडी. तिच्यासाठी हे सगळे लिहिणे आहे.

टापूवरच्या झोपड्यांना कागद नाही. जो अंगण झाडतो आणि चूल पेटवतो त्याची वहिवाट, एवढेच आम्ही मानतो. ही झोपडी वडिलांनी आणि माझा थोरला भाऊ लाकिन याने बांधली. मी तेरा वर्षांचा असताना लाकिन बोर्निओच्या जहाजावर चढला. तेव्हा मालकाचा नियम होता, गेलेल्याने परत यायचे नाही. त्यानंतर वडिलांनी घरात त्याचे नाव घेतले नाही. राग नव्हता, भिंतीला कान होते. तिकडे त्याला मुलगी झाली आणि तो पाक सुमिया झाला. इथे मात्र तो लाकिनच राहिला, बिनलग्नाचा.

गेल्या वर्षी तो तिकडे बोर्निओतच, तवाऊला वारला. या जूनमध्ये त्याची मुलगी सुमिया विमानाने आली. तिचे सासर ख्रिसमस बेटावर, नवरा खाणीत. दारात उभी राहून म्हणाली, "काका, मला आपल्या झोपडीच्या अंगणातली मूठभर वाळू हवी आहे. बाबांच्या कबरीवर टाकायला. जाताना सांगून गेलेत."

मी विचारले, "वाळू तवाऊला नाही?"

"आहे की. काळी आहे."

"तुला कोणी पाठवलं?"

"सांगितलं ना, बाबांनी."

मी वाळू दिली नाही. आज वाळू, उद्या त्याच वाळूवरून हक्क सांगणार, असे माझ्या मनात आले. ती राहिली बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीकडे. सुमियावर मी नजर ठेवली. ती कोणाशी बोलते, धक्क्यावर कशाला जाते. बायको म्हणाली, "तुम्हाला आता दारिमच्या शेजारी बसवायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमियाला होडीत घालून टापूवर नेले. होडी डावीकडे कलली तशी ती न सांगता उजव्या काठावर सरकून बसली. झोपडीसमोर उतरल्यावर मी तिला सरळ विचारले, "फक्त वाळूच हवी आहे?"

तिने पायाने वाळू उकरली. मग म्हणाली, "नाही काका. खाण बंद होणार म्हणतात. जागा दिलीत तर तीही हवी आहे. पोरांना घेऊन येईन."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही वाळूलाच एवढे घाबरलात!"

मी हसलो. माझ्या आयुष्यात इथे जे जे आले त्यांपैकी कोणीही आपल्याला काय हवे ते घेण्याआधी सांगितले नव्हते. या पोरीने सांगितले, आणि तेही न मिळण्याची भीती असताना.

रोस्मानला हे पटलेले नाही. तो म्हणतो, "बाबा, सगळ्या जगावर संशय घेता आणि हिच्यावरच विश्वास?" त्याला माझे उत्तर असे की संशय माझा अजून गेलेला नाही. ती पोरे इथे टिकतील का, शंका आहे. रोस्मान माझ्यामागे शब्द पाळेल का, याचीही आहे. सरकार उद्या टापूंसाठी काय नियम काढील, देव जाणे. आणि मृत्युपत्र हाही शेवटी कागदच.

म्हणून हे एक काम मी मरणावर ठेवलेले नाही. आज जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर, खाली सही करणाऱ्या दोघांसमोर, मी मोठ्याने म्हणालो की टापूवरची झोपडी, अंगण आणि विहीर मी भाऊ लाकिन बिन सामत याच्या मुलीला बक्षीस दिली. दारिमनेही ऐकले, बरे झाले. लगेच मी तिला टापूवर घेऊन गेलो. तिने अंगण झाडले, चूल पेटवली, भात लावला, आणि मी पाहुणा म्हणून जेवून परत आलो. ताबा देऊन झाला आहे. या कलमात माझ्यामागे कोणी करण्यासारखे काही उरलेले नाही.

लिहिणार व देणार: वाजिर बिन सामत (सही)

साक्षीदार:
१. हाजी मुनिर बिन रास्तम, इमाम (सही)
२. पाक सेलिया, होडी बांधणारा (सही)

होम आयलंड, कोकोस बेटे
शुक्रवार, २२ ऑगस्ट १९८६