लायलचे तीन दात

विरोक्वा, विस्कॉन्सिन
४ फेब्रुवारी २०२४

ती. अर्डिसताईस,
धाकट्या मर्नाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. लायलने पराक्रम केलाय. बर्फावर मासे धरायला गेला, घसरला आणि पुढचे तीन दात तळ्यावर ठेवून घरी आला. मासा एकही नाही!

पासष्टीपुढचा सरकारी विमा, ते मेडिकेअर, दातांना विचारत नाही. त्यासाठीच तर करमाफीचं आरोग्य बचत खातं. त्यातलं जुनं सगळं माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनात गेलं. पण गेल्या जानेवारीत लायलने कुटुंबाची वर्षभराची मर्यादा एकदम भरली होती, नेहमीसारखी स्वतःच्याच खात्यात. नवराबायकोचं सगळं एकच, म्हणतो ना.

ऑक्टोबरात त्याने सदुसष्टाव्या वर्षी नोकरी सोडून सरकारी पेन्शनचा अर्ज केला. त्याबरोबर मेडिकेअर आलं, तेही सहा महिने मागच्या तारखेपासून! मेडिकेअर लागलं की त्या खात्यात भरायला बंदी. म्हणजे त्याच्या भरण्यातला एप्रिलपासूनच्या महिन्यांचा सगळा वाटा नियमाबाहेर. काढला तर कर, ठेवला तर दरवर्षी दंड. कर भरून दोनच दात बसतील, असा त्याचा हिशेब. दोन दातांवर पितळी कॉर्नेट फुंकता येत नाही गं. जुलैत गावच्या बँडचं शंभरावं वर्ष, एकट्याने वाजवायचा मान त्याचा. काल त्याने कॉर्नेटची पेटी माळ्यावर टाकली. मला बघवलं नाही.

तू शाळांच्या पगार विभागात जन्म काढलास. काहीतरी सुचव.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मर्ना


डलूथ
९ फेब्रुवारी

चि. मर्ना हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात चक्क नाचले. खालची शेजारीण झाडूने छत ठोकायला लागली.

अगं वेडे, मेडिकेअर लायलला लागलंय, तुला नाही! तू एकसष्टची. विमा तुझ्या चीज कारखान्यातल्या नोकरीचा, दोघांना धरून, गेलं वर्षभर चालू. मग कुटुंबाची मर्यादा तुझ्या नावावर वापरता येते. लायलच्या मेडिकेअरआधीच्या पहिल्या तीन महिन्यांचं त्याच्याकडे राहील, तेवढं वजा. वर पंचावन्नपुढच्यांचा जादा वाटा, तोही तुझ्याच खात्यात. नवरोबाला सांग, चाळीस वर्षं एका गोधडीत झोपलात तरी हे खातं जोडीचं नसतं.

त्याच्या खात्यातलं जादाचं व्याजासकट बाहेर काढा, आणि पंधरा एप्रिलच्या आत तुझ्या खात्यात गेल्या वर्षाचं म्हणून भरा. करसवलत जागच्या जागी! तुझ्या खात्यातून नवऱ्याचे दात खुशाल बसतात. फक्त खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा. तोवर त्याने दातांच्या डॉक्टरपुढे तोंडसुद्धा उघडायचं नाही.

पेटी खाली काढ आधी. मी जुलैत येतेय.

तुझी, अजून कामाची असलेली,
ताई


विरोक्वा
८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याही गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला, आणि तू मुकलीस! म्हणून सगळं लिहिते.

तुझं पत्र बुधवारी आलं आणि लायलची डॉक्टरकडची वेळ गुरुवारची. मी कोट न घालताच बँकेत धावले. खातं उघडलं, माझ्या एकटीच्या नावाचं, जन्मात पहिल्यांदा. लायल आधी जरा फुगला. वर्षानुवर्षं घरचा मुनीम तोच ना. मग स्वतःच म्हणाला, बरं झालं बाई तुला अजून म्हातारपण आलं नाही.

एप्रिलआधी सगळं मार्गी लागलं आणि मे महिन्यात दात आले. पहिले पंधरा दिवस कॉर्नेटातून हंबरडेच निघत. शेजारच्या गायी कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. मी हसून हसून बेजार, आणि आतून धाकधूक, की सूर परत आलाच नाही तर?

काल संध्याकाळी सगळं गाव बागेत खुर्च्या मांडून बसलं होतं. लायलची पाळी आली. तो उठला, पण कॉर्नेट तोंडाला लावेना. मग माझ्याकडे बोट दाखवून त्याने सगळ्यांना सांगितलं, की फुंकर माझी आहे, दात मात्र बायकोचे आहेत, तेव्हा चुकलो तर तिला विचारा.

लोक हसेपर्यंत त्याने सूर लावलासुद्धा. ताई, एकदाही चुकला नाही.

तुझ्या ऋणात आणि आनंदात,
मर्ना